बोटभर पाणी

१

गुंजीच्या पुढे रेल्वे घाटाकडे वळते, तिथल्या डोंगराच्या डोक्यावर पारिसाअण्णांनी तलाव बांधायला काढला, तेव्हा आसपासच्या गावांनी पोट धरून हसून घेतलं. तलाव बांधायचा तर खाली, सखल जागी. पाणी आपल्या पायानं येतं. डोंगरावर तलाव बांधणारा माणूस एक तर फार शहाणा असतो, नाही तर त्याच्याकडे पैसा फार झालेला असतो. पारिसाअण्णा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, म्हणून लोकांनी दुसरंच खरं धरलं.

तलाव भरला तसं हसणं थांबलं. डोंगराच्या पायथ्याला पारिसाअण्णांचा कौलांचा कारखाना होता. कारखान्याच्या अंगाला खालचा तलाव, डोंगरावर वरचा तलाव, आणि दोहोंना जोडणारा एक जाडजूड लोखंडी नळ. संध्याकाळी कौलं दाबायची यंत्रंही चालत आणि कारखान्यात, बंगल्यात, चाळीत विजेचे दिवेही लागत. एवढा भार एकट्या वाफेच्या इंजिनाला झेपत नसे. मग वरून पाणी सोडायचं. ते धाडधाड खाली येई, खालच्या यंत्रघरातलं चक्र फिरवी, चक्रावर वीज तयार होई आणि पाणी खालच्या तलावात जाऊन पडे. दुसऱ्या दिवशी दुपारी कौलं उन्हात वाळत पडलेली असत, यंत्रं गप्प असत, पण बॉयलर काही विझवता येत नाही. त्या वाया जाणाऱ्या वाफेवर पंप लावायचा आणि तेच पाणी त्याच नळानं परत वर चढवायचं.

म्हणजे पाणी रोज तेच. काल खाली गेलेलं आज वर, आज वर आलेलं संध्याकाळी पुन्हा खाली. थोडं उन्हानं उडे, थोडं जमिनीत मुरे, तेवढी भर ओढ्यातून घालायची. पंपावरचा रवळू नवीन माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगे, “हितलं पानी कुठं जात न्हाय बघ. हे नदीगत न्हवं.”

वरच्या तलावाची राखण मष्णूकडे होती. जाळीत अडकलेला पाला काढायचा, दुपारी पाणी चढलं की खांबावरच्या खुणेपर्यंत आलं का ते बघायचं, आणि संध्याकाळी खालून तार ओढून त्याच्या दारातली घंटा वाजवली की लोखंडी चाक फिरवून नळाचं दार उघडायचं. काम सोपं, पण सोडून हलायची सोय नाही. म्हणून बांधाला लागूनच त्याला दोन खोल्यांचं कौलारू घर दिलेलं होतं. त्या घरात त्याची बायको जया एक पावसाळा राहिली आणि तापानं गेली. वर्षभरानं त्याच घरात उचगावची मनुबाई आली.

२

मनुबाईला दुसरेपणावर दिली होती, आणि त्याचं तिला आधी काहीच वाटलं नव्हतं. मेलेल्या बाईशी कसलं भांडण? जिवंत सवत असली तर चुलीवरून, पाण्याच्या घागरीवरून तोंडं वाजतात. मेलेली बिचारी काय करणार, असंच ती माहेराहून निघताना म्हणाली होती.

पण इथली माती न माती जयाच्या पायाखालची होती. तलावाच्या बांधावर माती वाहणाऱ्या बायकांत जया पुढे असायची. ओली माती धुम्मसानं ठोकून बसवायची तर तिच्या हाताला ताल होता, असं रवळूची बायको मालुबाई सांगायची. “ती धुम्मस हानाय लागली की बाकीच्या बायका आपसूक तिच्या मागनं हानायच्या गं.” पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांतला एक काळा दगड तिनं हट्टानं स्वतःच्या डोक्यावरून आणला होता. त्या पायरीला सगळे जयाची पायरी म्हणत. ज्या आठवड्यात दिवे लागायचे होते त्याच्या आधीच्या आठवड्यात ती गेली. दिवे बघायचे राहिले तिचे, असं मष्णू अजून म्हणे, आणि प्रत्येक वेळी नव्यानं आठवल्यासारखं म्हणे.

मनुबाईच्या गळ्यात, काळ्या मण्यांत, जयाचा टाक होता. पहिली बायको वारली की तिचं रूप ठोकलेला चांदीचा छोटा पत्रा दुसरीनं गळ्यात बांधायचा, ही रीत. नवं लुगडं नेसायच्या आधी ते टाकाला लावायचं. जेवायला बसलं की पहिला घास टाकाला लावायचा, मग आपण खायचा. सवतीला तिचा मान आधी मिळाला की ती दुसरीला सुखानं नांदू देते. मनुबाईनं दिवाळीचं इरकल लुगडं आधी त्या बोटभर पत्र्याला नेसवलं आणि मग स्वतःला. लुगडं कोरं होतं, पण तिला ते उतरलेलं वाटलं.

मष्णू वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, बेळगावच्या बाजारातून बांगड्या आणायचा. पण रात्री जवळ आला की त्याची बोटं आधी टाकावर जात. आणि तो मनुबाईला कधी नावानं हाक मारत नसे. अगं म्हणे, ऐकलंस का म्हणे. नवऱ्यानं बायकोला नावानं हाकारायची पद्धत नव्हतीच. पण जयाला तो नावानं हाक मारायचा. बांधावर एवढ्या बायकांच्या गर्दीत अगं म्हटलं तर सगळ्याच वळल्या असत्या, म्हणून तिथं जया म्हणायची सवय लागली, ती तशीच राहिली. झोपेत तो अजून म्हणे. हलकेच, शेवटचा ‘आ’ लांबवून. त्या आवाजात एकदा आपलं नाव ऐकावं, एवढंच मनुबाईला हवं होतं. एवढी साधी गोष्ट कुणाकडे मागायची आणि कशी, ते तिला कळत नव्हतं.

ती जळत होती. दुसरा शब्द नाही त्याला.

३

फाल्गुनात एका संध्याकाळी मष्णू पायरीवर बसून पाय धूत होता. मनुबाई मागे घागर घेऊन उभी होती. खालचा पंप नुकताच थांबला होता, तलाव काठोकाठ शांत होता. मष्णूनं ओंजळभर पाणी उचललं आणि हसला.

“हेच पानी जयाच्या पायाखालनं गेलतं बघ,” तो म्हणाला. “पयल्यांदा तलाव भरला तवा ती हितंच हुबी हुती. गुडघाभर पान्यात. हेच पानी.”

“पानी कुठं वळखू येतंय?” मनुबाई म्हणाली.

“ह्येच येतंय न्हवं रोज. दुसरं कुठनं येनार?”

ती घरात गेली आणि चुलीपुढे बसून राहिली. नदीकाठच्या माणसाला एक सोय असते. माहेरी मार्कंडेय नदी होती. जुने देव, तडकलेल्या मूर्ती, नको झालेलं सगळं तिच्यात सोडायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. नदी नेते आणि प्रश्न मिटतो. उचगावच्या बायका तेच करत आल्या होत्या, आणि मनुबाईला पाण्याचं दुसरं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. मष्णू चाक फिरवायला गेला. नळाच्या तोंडाशी, जाळीपाशी, पाणी गोल फिरायला लागलं. मनुबाईनं दोरा तोडला, टाक मुठीत घेतला आणि त्या भोवऱ्यात टाकला. तो जाळीच्या दोन गजांमधून सटकन आत गेला. एवढंसं चमकलं आणि गेलं.

“टाक पडला वाटतं कुठं,” ती रात्री म्हणाली. “वड्यावर धुनं धुताना.”

मष्णू अर्ध्या ताटावरून उठला. कंदील घेऊन ओढ्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं होतं. मनुबाईला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला. माझ्यासाठी हा कधी असा चिखलात उतरला असता का? पण त्या रात्री तिनं पहिला घास सरळ आपल्या तोंडात घातला होता, आणि किती तरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

४

दुपारी पंप सुरू झाला. वरच्या तलावात नळाच्या तोंडाशी पाणी आतून उसळून वर यायला लागलं. खालून इंजिनाची धकधक डोंगरातून पायापर्यंत पोचत होती. हे रोजचंच होतं. मनुबाई अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

“आँ?” मष्णू खांबाजवळ उभा राहून म्हणाला.

“काय झालं?”

“पानी खुनंच्या वर गेलंय. बोटभर.”

त्यानं बांधाच्या कडेनं दोनदा जाऊन पाहिलं. उन्हाळा लागलेला, ओढा आटून दगड उघडे पडलेले. भर पडायला पाऊस कुठला? दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेला तेव्हा त्यानं रवळूला विचारलं. रवळूनं वैतागून हात झटकले. “खाली हाय तेवढंच मी धाडतो रं मष्णू. उलटं कमीच. माझ्या खिशातनं घालतो व्हय पानी?”

पण ते नंतरचं. त्या दुपारी मष्णू बोटभर जास्त पाण्याकडे बघत असतानाच वाकला आणि ओरडला. मनुबाई धावत गेली. जयाच्या पायरीवर, पाणी जिथं संपत होतं तिथं कोरड्या बाजूला, टाक पडलेला होता. उताणा, स्वच्छ, तोंड घराकडे.

“गावला बघ! हितंच पडलंतं आन् मी रानभर हुडकतोय!” मष्णूनं तो धोतरानं पुसला आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

मनुबाईनं मनाशी हिशेब मांडला. चांदी तरंगत नाही. गजांतून आत गेलेला टाक आपण डोळ्यांनी पाहिला. म्हणजे एक तर तो आत गेलाच नाही, पायरीच्या फटीत अडकला आणि मष्णूच्या पायानं वर आला. नाही तर मष्णूनं आपल्याला टाकताना पाहिलं, दुसरा घडवून आणला आणि आता नाटक करतोय. पण एका रात्रीत खानापूरचा कोणता सोनार दुसरा टाक घडवून देणार? आणि टाकातल्या चेहऱ्याच्या डाव्या गालावर पडलेला ठोक्याचा खड्डा त्याच जागी कसा येणार? पहिलंच खरं म्हणायचं, असं तिनं ठरवलं. फटीत अडकला होता.

तरी दोन दिवसांनी खाली चाळीत गेल्यावर तिनं रवळूला सहज विचारल्यासारखं विचारलं. “भाऊजी, वरनं एकादी वस्तू नळात पडली, तर ती पंपानं परत वर यील का वो?”

“यील की. चुरा हून,” रवळू म्हणाला. “पंपाच्या पात्यात घावल्यावर काय ऱ्हातंय? मासा सुदीक अख्खा येत न्हाय.”

५

दुसऱ्या वेळी तिनं घाई केली नाही. इरकल लुगड्याच्या पदराची एक चिंधी फाडली. तेच लुगडं, आधी जिला नेसवलं तिलाच जाऊ दे. चिंधीत टाक आणि एक दगड बांधून तिनं गाठीवर गाठ मारली. घंटा झाल्यावर काठीनं ते गाठोडं जाळीतून आत ढकललं, आणि पाणी पूर्ण खाली जाऊन तळाचा गाळ दिसेपर्यंत तिथंच उभी राहिली. फटीबिटीत काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंपाची धकधक सुरू झाली आणि तिला घरात बसवेना. धकधकीच्या मध्ये आणखी एक ठोका होता. जड, सावकाश, ओल्या मातीवर पडतो तसा. इंजिनाचा नव्हता तो, इंजिनाला असा ताल नसतो. कौलं रचत असतील खाली, ती मनाशी म्हणाली, आणि मालुबाईकडे निघून गेली. पीठ काढून ठेवलं होतं. परत येऊन भाकरी टाकू, असा विचार होता.

ती परत आली तेव्हा मष्णू जेवून ओसरीवर पडला होता. चेहरा तृप्त दिसत होता.

“आजची भाकरी,” तो डोळे मिटूनच म्हणाला, “अशी भाकरी लई दिसांनी खाल्ली.”

मनुबाई दारातच थांबली. चूल पेटून विझलेली होती. टोपलीत भाकऱ्या होत्या, पानासारख्या पातळ, कडा कुठेही न फाटलेल्या. तिच्या हातची भाकरी जाड व्हायची आणि कडेला फुटायची. घर शेणानं सारवलेलं होतं, अजून ओलं. दोरीवर, उन्हात, इरकल लुगड्याची ती चिंधी धुऊन वाळत घातली होती. देवळीत टाक होता.

“तुमाला कुनी वाढलं?” तिनं विचारलं.

“कुनी म्हंजे? वाढलंस आन् तशीच उठून गेलीस की. बोलली सुदीक न्हाईस.” त्यानं एक डोळा उघडला. “का गं?”

आता बघा, इथं कुणीही शहाणी बाई ओरडली असती. मनुबाईचंही तोंड उघडलं होतं. पण मष्णू तिच्याकडे बघत होता, नीट, आरपार नाही, जवळजवळ वर्षभरात पहिल्यांदा असं बघत होता. भाकरीच्या पुण्याईनं का होईना, ती त्याच्या नजरेत आली होती. ती मी नव्हते, असं म्हटलं तर ती नजर कुणाकडे जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “आज पीठ बरं हुतं.”

मग तिनं देवळीतला टाक घेऊन गळ्यात बांधला आणि टोपलीतली एक भाकरी खाल्ली. चांगली होती. त्याचाच तिला जास्त राग आला.

खांबावर पाणी खुणेच्या आणखी वर गेलेलं होतं.

६

असं काही दिवस चाललं. दुपारी ती घराबाहेर गेली की घरातलं काम झालेलं असे. घरात बसून राहिली तर काहीच होत नसे, फक्त तो ओल्या मातीवरचा ठोका पंपाच्या आवाजातून ऐकू येत राही आणि ती कानात बोटं घालून बसे. तिला वाटे, मालुबाई वर येत असेल. विचारलं तर मालुबाई हसली. “माझी गुडघी तुझा डोंगर चढतील व्हय गं? मला खालीच मराय वेळ न्हाय.”

मग आणखी एक विचार आला आणि तो घट्ट बसला. मष्णूनं कुणी ठेवली असेल. गुंजीची, नाही तर कारखान्यातली एखादी. मनुबाईला हा विचार आला तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं. जिवंत बाई असली तर तिच्या झिंज्या धरता येतात.

चैत्रातल्या एका दुपारी ती मालुबाईबरोबर खालच्या तलावाच्या काठावर बसली होती. पंप चालू होता, खालचं पाणी भराभर उतरत होतं. तळ उघडा पडत चालला. रोज तिथं गाळ असे, पायाला चिकटणारा, बगळ्यांच्या पायांचे ठसे उमटलेला. आज तळ सपाट होता. कुणी तरी ओळीनं, एकाला एक लावून, धुम्मस हाणून बसवल्यासारखा. ठोक्यांच्या गोल खुणा ओळीनं नळाच्या तोंडापर्यंत गेल्या होत्या.

“हे कुनी केलं वो आक्का?”

“पारिसाअण्णांची मानसं असतील,” मालुबाई म्हणाली. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघत होती. “तू हितं बसलीस आन् वर तुझी चूल पेटलीय की गं. धूर बघ.”

डोंगरावर, बांधाच्या मागून, कौलांतून निळा धूर सरळ वर चढत होता.

“त्येंनी पेटवली असंल,” मनुबाई म्हणाली.

“मष्णूनं? तो बघ की बांधावर हुबा हाय. जाळी साफ करतोय.” मालुबाईनं हात खाली घेतला आणि तिच्याकडे वळून पाहिलं. “मग आत कोन हाय?”

७

ती चढत आली तेव्हा पंप थांबला होता. ऊन कलत होतं. मष्णू बांधावर नव्हता. घराचं दार उघडं होतं आणि आतून भाकरी थापायचा आवाज येत होता.

मनुबाई आपल्या उंबऱ्यापर्यंत गेली. आत जायचं, विचारायचं, कोण गं तू म्हणून, आणि झिंज्या धरायच्या. तिला एक हात दिसला. परातीत भाकरी फिरवणारा हात, ओला, कोपरापर्यंत पीठ लागलेला, बोटांच्या टोकांना पाण्यात फार वेळ राहिल्यावर पडतात तशा सुरकुत्या. लुगड्याचा काठ इरकलचा होता, पदराला चिंधी फाडल्याची जागा. भाकरी हातावर फिरत होती त्याला ताल होता. समोर मष्णू पाटावर बसलेला होता आणि काही तरी सांगून हसत होता. मनुबाईनं त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तिचा पाय उंबऱ्यापलीकडे पडेना. स्वतःच्या घराचा उंबरा, पण परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखं झालं. ती मागे सरली.

हे सगळं टाकामुळे, ती मनाशी म्हणाली. आपण नीट सोडला नाही. वरून टाकला, काठीनं ढकलला. हातानं नळाच्या तोंडाशी धरायला हवा, घंटा होईपर्यंत, दार उघडून पाणी ओढायला लागलं की मगच सोडायचा. मग जाईल. नदी नेते तसा जाईल. तिनं गळ्यातला दोरा तोडला, टाक मुठीत घट्ट धरला आणि पायऱ्या उतरली. पाणी उन्हानं कोमट होतं. जयाच्या पायरीवरून खाली उतरली तेव्हा ते गुडघ्यापर्यंत आलं. आणखी एक पायरी. आणखी एक. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून तिनं मूठ जाळीच्या गजांमध्ये धरली आणि घराकडे तोंड करून घंटेची वाट बघत राहिली.

तिथून दार सरळ दिसत होतं. आतली बाई मष्णूला वाढून आता स्वतः खायला बसली होती. चेहरा अंधारात होता, पण गळ्याशी चांदीचं काही चमकलं. बाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तो आधी त्या चांदीला लावला, रीतीनं, आणि मग तोंडात घातला.

मनुबाईच्या जिभेवर भाकरीची चव आली. गरम, किंचित मीठ, अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा. आपल्या हातच्यापेक्षा कितीतरी चांगली.

तिनं मूठ पाण्यातून वर काढून उघडली. मूठ रिकामी होती.

दारातली घंटा वाजली. मष्णू हात पुसत बाहेर आला. चाकाकडे जायच्या आधी तो सवयीनं पायऱ्यांवर आला आणि खांबाकडे बघितलं. पाणी बरोबर खुणेवर होतं. बोटभरही जास्त नव्हतं. त्याचा चेहरा मोकळा झाला. तिच्यापासून तो हातभर अंतरावर उभा होता, तिच्याकडेच बघत होता, पाण्याकडे बघतात तसा.

“अवं,” मनुबाई म्हणाली. काठाला एक लहानशी लाट लागली.

मष्णूनं चाकावर हात ठेवला. खाली दरीत दिवे लागायचे होते, आणि एकटं बघायला त्याला आवडत नसावं. तो घराकडे मान वळवून हसला आणि हाक मारली. हलकेच, शेवटचं अक्षर लांबवून, त्या आवाजात.

“मनू...”

तिचा ऊर भरून आला. ओ द्यायला तिनं तोंड उघडलं.

“ओ,” घरातून आली. “आले. दिवं बघाय आले.”

मष्णूनं चाक फिरवायला सुरुवात केली.